दुकान बुडते ते जागेमुळे की चालकामुळे?



गेल्या वर्षी हन्नुक्काच्या सुमारास दिमोन्यातील आमच्या वस्तीतले एक भारतीय किराणा दुकान बंद झाले. दारावर 'भाड्याने देणे आहे' असा हिब्रू कागद लागला. काचेतून आत डोकावले तेव्हा फळीवर पोह्यांच्या चार पिशव्या, आमसुलाचे एक खोके आणि तराजू एवढेच उरलेले दिसले. दुकानाचे मालक माझ्या चांगल्या परिचयाचे. आधी कापडगिरणीत व मागाहून दुसऱ्या एका कारखान्यात मिळून त्यांनी तीस वर्षे पाळ्या केल्या आणि निवृत्त होताना हाती आलेली पित्सुईमची सारी रक्कम या दुकानात घातली. ती तीन वर्षांत संपली. आज सदुसष्टाव्या वर्षी हे गृहस्थ एका गोदामावर रात्रीचा पहारा करतात.

त्यानंतरच्या शब्बाथला सिनेगॉगबाहेर या विषयावर दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, "जागाच वाईट होती, तेथे कोणाचेही दुकान चालले नसते." दुसरा म्हणाला, "आपल्या लोकांना धंदा करता येत नाही, हेच खरे." मी दोन्ही पक्षांचे ऐकून घेतले आणि पुढे एके दिवशी त्या गृहस्थांनाच विचारले. ते म्हणाले, "जागा वाईट होती हे खरे. पण ती निवडली कोणी? मीच ना? घरापासून तीन मिनिटांवर होती, दुपारी बायकोला बसता येईल, भाडे हलके, म्हणून घेतली."

या उत्तरात मला साऱ्या वादाचा उलगडा दिसतो. जागा आणि कारभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे समजून आपण वाद घालतो. वस्तुतः जागेची पारख करणे, ती वेळोवेळी पुन्हा तपासणे आणि प्रसंग आल्यास ती सोडणे हे कारभाराचेच पहिले काम आहे. जागेला दोष देणारा दुकानदार बहुधा आपल्याच पहिल्या निर्णयाला दोष देत असतो. आणि आमच्या मंडळींच्या बाबतीत हा निर्णय दहांतून आठ वेळा ग्राहकाकडे पाहून झालेला नसतो. तो स्वतःच्या घराकडे पाहून झालेला असतो.

याचे मूळ आपल्या इतिहासात आहे. आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. हा धंदा पिढ्यानपिढ्या टिकला. तेल दिव्याला लागे आणि चुलीलाही लागे, गावात घाणे मोजके, ग्राहक ठरलेला. शनिवारी तेल मिळावयाचे नाही हे साऱ्या गावास ठाऊक असल्यामुळे शुक्रवारीच भांडे भरून नेले जाई. जागा निवडण्याचा प्रश्नच तेथे नव्हता. गाव हीच जागा होती, आणि त्या गावाचे नाव पेणकर, रोहेकर, दिवेकर असे आडनाव होऊन आपल्याला चिकटले. पुढे मुंबईस गेल्यावर आपण पलटणीत शिरलो, रेल्वेत, टपालखात्यात, सुतारकामात आणि कारकुनीत स्थिरावलो. एक तारखेला पगार घेण्याची सवय आपल्या हाडीमासी खिळली. १९५० आणि १९६० च्या दशकांत आलिया करून आलो तेव्हा हीच सवय सोबत आणली व येथेही गिरण्या-कारखान्यांत ती उपयोगी पडली. मात्र पन्नाशी-साठीत पहिल्यांदा दुकान काढणारा मनुष्य गल्ल्याकडे पगार म्हणून पाहू लागतो, तेथे घात होतो. त्याविषयी पुढे लिहितो. आधी जागेचा विचार.

'हमरस्त्यावरची जागा म्हणजे चांगली जागा' हा समज अपुरा आहे. हमरस्त्यावरून मोटारी भरधाव जातात; मोटारी पोहे घेत नाहीत. बस-थांब्याजवळची जागा चांगली, पण कोणत्या बाजूचा थांबा? सकाळी कामावर नेणाऱ्या बाजूचा की संध्याकाळी घरी आणून सोडणाऱ्या बाजूचा? सकाळी कोणी तांदळाची पिशवी घेऊन बसमध्ये चढत नाही. नेगेवच्या उन्हात लोक सावलीच्या पदपथाने चालतात. उन्हातल्या बाजूची दुकाने मे ते सप्टेंबर दुपारनंतर ओस पडतात. दारात तीन पायऱ्या असतील तर आमच्या वृद्ध भगिनी, ज्या अजून मनापासून आमटी-भात रांधतात, त्या आत येणार नाहीत. शेजारी काय आहे हेही पाहावे. कुपात होलिमचा दवाखाना, टपालकचेरी किंवा शुक्रवारी हाल्ला विकणारी बेकरी यांच्या बाजूला बसलेला लहान दुकानदार त्यांच्या गर्दीवर जगतो. दिमोन्यातील त्या दुकानाच्या एका बाजूस बंद पडलेले शिलाईचे दुकान होते आणि दुसऱ्या बाजूस विजेची खोली.

तथापि चांगली जागाही चांगलीच राहील असे नाही. दिमोना १९५५ साली वसले. या विकासनगरांत प्रत्येक वस्तीला एक छोटा बाजारचौक दिलेला असे: एक मकोलेत, एक न्हावी, एक भाजीवाला. त्या वेळी मोटार कोणाकडे होती? गृहिणी पायी जाई, दिवसाचे सामान आणी, आणि त्या चौकातील मकोलेत सोन्याची खाण वाटे. तेल अवीवच्या बेन येहुदा रस्त्यावर देशातील पहिले सुपरमार्केट १९५८ साली उघडले होते, पण त्याची झळ आमच्यापर्यंत पोहोचावयास बरीच वर्षे लागली. १९८५ साली रामात गानला आयालोन हे मोठे बंदिस्त बाजारसंकुल उघडले आणि तशी संकुले पुढे गावोगाव आली. घरोघरी मोटार आली तसा दिमोन्याचा ग्राहक सुमारे ३५ किलोमीटरवरील बेरशेवाला जाऊ लागला. वस्तीतील चौक होता तेथेच राहिला. ग्राहकाची वाट तेवढी बदलली. ज्या दुकानदारांनी हे वेळीच ओळखले ते निघून गेले अथवा माल बदलून राहिले. ज्यांनी 'बाबांनी येथेच पैसा मिळवला' एवढ्यावर विसंबून वाट पाहिली, त्यांची दारे एकेक करून बंद झाली.

जागेवर भरवसा ठेवून माणसे कशी फसतात याचे मोठे उदाहरण तेल अवीवच्या नव्या मध्यवर्ती बसस्थानकाचे आहे. त्याचे बांधकाम १९६७ साली सुरू झाले. हजारो उतारू रोज जेथून जातील तेथे दुकान म्हणजे जन्माची भाकरी, या हिशेबाने शेकडो लहान माणसांनी कागदावरील नकाशा पाहूनच गाळे विकत घेतले. बांधणारी कंपनी मध्येच बुडाली, काम वर्षानुवर्षे थांबले आणि स्थानक उघडले ते १९९३ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे ज्याने तिशीत गाळा घेतला तो पंचावन्न-साठीचा झाल्यावर त्याला दार उघडावयास मिळाले! सात मजले, हजारावर गाळे, आणि आत अशी वळणे की उतारूला आपली बस सापडणे मुश्किल, मग दुकान कोठून सापडणार? १९९८ च्या सुमारास खालच्या मजल्यावरून सुटणाऱ्या गाड्या वर हलविल्या आणि खालचे मजले माणसांविना पडले. तेथील सोडून दिलेल्या बोगद्यांत वटवाघळांनी वस्ती केली. ज्यांनी खाली गाळे घेतले होते त्यांच्या कारभारात कोणती चूक होती? एकच: गर्दी इमारतीत येणार हे त्यांनी धरून चालले, पण ती आपल्या दारावरून जाईल काय, हे विचारले नाही.

याच कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बसगाड्या नव्या इमारतीत गेल्या तेव्हा जुन्या स्थानकाभोवतीच्या नेवे शाआनान भागातील दुकानांचा उतारू-ग्राहक एकदम तुटला. परंतु त्याच दशकात परदेशांतून कामगार येऊ लागले आणि त्यांनी स्वस्त भाड्यासाठी तोच भाग धरला. मग कोणी परदेशी फोनची कार्डे ठेवली, कोणी त्यांच्या देशांतील मसाले आणि तांदूळ. जागा तीच, ग्राहक नवा. ज्याने ग्राहकाकडे पाहून माल बदलला तो तगला.

भारतीय मालाचा ग्राहकही असाच बदलला आहे, आणि येथे आपल्यापुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. पूर्वी हळद, चिंच, चणाडाळ घेणारे आपणच होतो. आज आपली नातवंडे शब्बाथला आजीकडे येऊन आवडीने जेवतात, पण स्वतःच्या घरी तो स्वयंपाक करीत नाहीत. नवा ग्राहक आहे तो वृद्धांची शुश्रूषा करण्यासाठी केरळातून, महाराष्ट्रातून व अन्य प्रांतांतून आलेला भारतीय, आणि २०२४ पासून हजारोंच्या संख्येने आलेला बांधकाम-कामगार. शुश्रूषा करणाऱ्यांना सुट्टी मिळते ती बहुधा शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारपर्यंत. त्या सुट्टीत ते तेल अवीवच्या त्याच बसस्थानकाच्या परिसरात भेटतात, खरेदी करतात. म्हणजे जागा सापडली. वार मात्र शब्बाथचा!

'सगळे उघडे ठेवतात, आपणही ठेवावे' असे सांगणारे तरुण मला भेटतात. माझे मत स्पष्ट आहे. ज्याने शब्बाथ पाळावयाचा आहे त्याने त्या जागेचे भाडे भरू नये. शनिवारच्या गर्दीसाठी आकारलेले भाडे भरून शनिवारी दार बंद ठेवणे हा धर्मही नव्हे आणि धंदाही नव्हे. शनिवार तेल्याचा मार्ग वेगळा होता. त्याने ग्राहकाला शुक्रवारची सवय लावली. आज ही सवय लावणे अशक्य नाही. एक तरुण दांपत्य लोदहून हेच करते: बुधवारपर्यंत फोनवर मागण्या नोंदवून घ्यावयाच्या, गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी गाडीतून पिशव्या त्या त्या वृद्धांच्या घरी, म्हणजे काम करणाऱ्याच्या दारातच पोहोचवावयाच्या. त्यांच्याकडे दुकान नाही. एक लहान गोदाम आहे, तेही आडरस्त्यावर, कारण तेथे ग्राहक येतच नाही. वाईट जागेचा हा चांगला उपयोग मला फार आवडला.

आता गल्ल्याकडे वळतो. येथे मला माझ्या घरातीलच गोष्ट सांगितली पाहिजे. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, यांची १९८० च्या सुमारास एका विकासनगरात मकोलेत होती. जागा उत्कृष्ट. समोर घरी आणणाऱ्या बसचा थांबा, शेजारी दवाखाना. पहाटे पाचला दुधाची खोकी उचलणारा माणूस, आळशी मुळीच नव्हे. तरी ते दुकान १९८५ च्या उन्हाळ्यात बुडाले, आणि ते बुडविले एका वहीने.

ती उधारीची वही होती. महिनाभर सामान न्यावयाचे आणि पगार झाला की फेडावयाचे. मुंबईच्या वाण्याकडे हीच रीत होती आणि येथील मकोलेतमध्येही हीच. परंतु १९८४ साली या देशात महागाई वर्षाला ४४५ टक्क्यांनी वाढली. सरासरी धरली तर महिन्याला सुमारे १५ टक्के. दादांनी ८८ शेकेलला आणलेला माल एक तारखेला १०० शेकेलला वहीत लिहिला. तीस तारखेला ग्राहकाने प्रामाणिकपणे १०० शेकेल दिले. पण तोच माल पुन्हा भरावयास आता १०१ शेकेल लागत होते. म्हणजे भाडे, वीज, अर्नोना, स्वतःची मेहनत यांपैकी काही न धरताच एक शेकेलचा तोटा! जितकी विक्री अधिक तितका तोटा अधिक. घाऊक व्यापारी हुशार. तो डॉलरच्या भावाने लिहून घेई. दादा मात्र शेकेलमध्ये लिहीत राहिले. मी स्वतः त्यांना एकदा म्हणालो, "दादा, वही बंद करा." ते म्हणाले, "अरे, ही सगळी आपलीच माणसे. यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणू?" १९८५ च्या जुलैमध्ये सरकारने भाववाढ रोखण्याची योजना आणली, सप्टेंबरात तीन शून्ये छाटून नवा शेकेल आला, पण तोवर दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली होती. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यातील पुष्कळशी नावे आपल्या समाजातील आहेत, आणि सगळ्यांनी पैसे फेडले आहेत. कोणीही बुडविले नाही. दुकान तेवढे बुडाले.

आज तशी महागाई नाही, परंतु गल्ल्याविषयीचा गैरसमज तोच आहे. मूल्यवर्धित कर, ज्याला आपण 'माम' म्हणतो, तो १९७६ साली ८ टक्के होता. जानेवारी २०२५ पासून १८ टक्के आहे. कर लागू असलेल्या मालाचे ११८ शेकेल गल्ल्यात पडले की त्यातील १८ आपले नव्हेत. खरेदीवर भरलेला कर वजा करून उरलेला सरकारचा. पण संध्याकाळी गल्ला उघडला की एक तारखेची सवय बोलू लागते: मुलीच्या लग्नाचा हप्ता, नातवाचा बार मित्स्वा, पाहुण्यांची कोंबडी, सारे त्यातूनच. दोन महिन्यांनी कराचा भरणा आला की पळापळ. मग पुढील तारखांचे धनादेश. घरमालकाला बारा महिन्यांचे धनादेश आधीच दिलेले असतात, घाऊक व्यापाऱ्याला साठ-नव्वद दिवसांचे. त्यांतील न वटलेल्या धनादेशांची संख्या वर्षात दहा झाली आणि पहिला व शेवटचा यांत निदान पंधरा दिवसांचे अंतर असले, की १९८१ च्या कायद्याप्रमाणे खाते वर्षभर निर्बंधित होते. नव्या धनादेशाशिवाय येथे माल कोण देतो? दिमोन्यातील आमच्या गृहस्थांचे शेवटी हेच झाले. जागेने त्यांना हळूहळू अशक्त केले होते. प्राण घेतला तो धनादेशांनी.

सर्वच संकटे चालकाच्या हातची नसतात, हेही मान्य केले पाहिजे. तेल अवीवच्या हलक्या रेल्वेची लाल मार्गिका २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, पण २०१५ पासून तिच्या खोदकामाने ज्यांच्या दारापुढे पत्रे उभे राहिले त्या लहान दुकानदारांनी काय करावयाचे होते? २०२० ची टाळेबंदी आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासूनचे युद्ध यांविषयी तर बोलावयासच नको. मात्र अशा वेळी सहा महिन्यांचे भाडे वेगळे ठेवलेला दुकानदार श्वास घेऊ शकतो, इतका फरक पडतो.

बेरशेवात आमच्या नात्यातील एक भगिनी समोसे, बटाटेवडे आणि सणासुदीला करंज्या विकतात. त्यांनी गाळा घेण्यापूर्वी काय केले ते ऐका. दोन आठवडे रोज वेगवेगळ्या वेळी चहाचा थर्मास घेऊन त्या समोरच्या बाकावर बसल्या आणि शाळेच्या वहीत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या रेघा ओढीत राहिल्या. घरच्यांना वाटले, बाईंचे डोके फिरले! त्या वहीतून त्यांना कळले की रविवारी पहाटे छावण्यांवर परतणारे सैनिक आणि गुरुवारी दुपारी घरी निघालेले सैनिक हीच तेथील खरी गर्दी. सोमवारी दुपारी चिटपाखरू नाही. त्यांचा गाळा चार माणसे उभी राहतील एवढाच आहे आणि तो काही देखण्या रस्त्यावर नाही. रविवारी पहाटे पाचला चूल पेटते, सोमवारी दुपारी दार बंद, शुक्रवारी बाराला कुलूप. स्वतःसाठी त्या महिन्याला ठरलेला पगार घेतात. मालकीणबाई पगार घेतात म्हणून यजमान त्यांची थट्टाही करतात. मामचे पैसे रोज संध्याकाळी वेगळ्या खात्यात जातात. उधारी कोणालाच नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही. सोळा वर्षे झाली.

शेवटी ग्राहकांविषयी, म्हणजे आपल्याविषयी, थोडे कडू बोलतो. रोख पैसे घेऊन आपण सुपरमार्केटात जातो, आणि पैसे नसतील तेव्हा 'आपल्या माणसाकडे' जातो. मलिद्याचे पोहे व नारळ तेवढे त्याच्याकडून, तेही 'काहीतरी कमी करा ना, घरचेच आहोत' असे म्हणून. कोशेरचे प्रमाणपत्र असलेला माल तो महाग आणतो म्हणून आपणच कुरकुर करतो. आणि दुकान बंद झाले की सिनेगॉगबाहेर उभे राहून हळहळतो. वर्षातून दोन मलिद्यांवर कोणाचे दुकान चालेल? आपल्या माणसाकडून घ्यावयाचे असेल तर पूर्ण किमतीला आणि रोखीने घ्यावे. नसेल परवडत तर घेऊ नये, त्यातही त्याचे नुकसान कमी आहे.

माझी एक सूचना आहे. आपल्या समाजात निवृत्त हिशेबनीस, बँकेतील कर्मचारी आणि कर-कचेरीत काम केलेली मंडळी आहेत. त्यांच्यापैकी दोघा-तिघांनी महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी. जो कोणी आपली पित्सुईमची रक्कम दुकानात घालू पाहत असेल त्याने भाडेकरारावर सही करण्यापूर्वी या मंडळींसमोर बसून आपला हिशेब मांडावा. सरकारच्या लघुउद्योगांसाठी 'माओफ' नावाची केंद्रे आहेत आणि तेथे कमी खर्चात सल्ला मिळतो. पण साठीतल्या माणसाला तेथील हिब्रू कागद भरण्याचा संकोच वाटतो, त्याला सोबत जाणारा कोणी हवा. दिमोना व बेरशेवापुरती ही सोबत करण्यास मी तयार आहे. ज्यांना यात सहभागी व्हावयाचे असेल त्यांनी कृपया संपादकांकडे आपले नाव कळवावे. दिमोन्याच्या त्या बंद दुकानाची चौकशी करण्यास परवा आणखी एक गृहस्थ आले होते, असे ऐकतो. त्यांनी तर लवकरच कळवावे.